निरनिराळी यंत्रे आणि एक सामाईक वही

घरात एकच संगणक असण्याचे दिवस आता मागे पडले. थोरल्या मुलाकडे विंडोजचा संगणक, विद्यापीठात शिकणाऱ्या मुलीकडे मॅक, वडिलांच्या हाती अँड्रॉईडचा फोन, आणि धाकट्याने एका जुन्या यंत्रावर हौसेने लिनक्स बसवलेले, असे चित्र आपल्या बेटावरील पुष्कळ मराठी घरांत दिसते. लग्नाची छायाचित्रे एका यंत्रात, मंडळाच्या सभेचा वृत्तांत दुसऱ्यात, आणि आजोबांकडून ऐकून लिहून घेतलेली घराण्याची वंशावळ तिसऱ्यात. घर एक, माणसे एक, पण कागदपत्रे मात्र एकमेकांना अनोळखी. ती सर्वांना सारखी उघडता येतील का, हा प्रश्न आज घरोघरी विचारला जातो.

येता येतील, हे त्याचे उत्तर. पण हे उत्तर आपोआप मिळालेले नाही. ते मिळवण्यात अमेरिकेतील विद्यापीठे, कंपन्या आणि न्यायालये यांची पन्नासहून अधिक वर्षे गेली. त्या कामात एका भारतीय तरुणाचा वाटा फार मोठा आहे. आपल्या मुलांना ही हकिकत ठाऊक असावी म्हणून ती येथे थोडक्यात सांगतो.

प्रत्येक यंत्राचा कारभारी वेगळा

ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे संगणकाच्या घरचा कारभारी. कोणती वस्तू कोणत्या कपाटात ठेवायची, तिच्यावर नाव कसे लिहायचे, कोणाला किल्ली द्यायची आणि कोणाला नाही, हे सारे तोच ठरवतो. विंडोजचा कारभारी एका पद्धतीने घर लावतो, मॅकचा दुसऱ्या, लिनक्सचा तिसऱ्या. प्रत्येकाची पद्धत त्याच्या घरापुरती योग्यच असते. अडचण येते ती शेजारच्या घरातून कोणी एखादा कागद मागायला आला म्हणजे. मागणाऱ्याची भाषा आणि देणाऱ्याची भाषा जुळत नाही.

आपल्या गावच्या जुन्या बुटीकची आठवण वडीलधाऱ्यांना असेल. दुकानदार चिनी, गिऱ्हाईक कोणी मराठी, कोणी भोजपुरी, कोणी तमिळ. व्यवहार होई तो क्रेओलमध्ये. तांदूळ, डाळ, तेल मागण्यापुरती ती सामाईक बोली दोघांनाही पुरे. दुकानदाराला मराठी शिकावी लागली नाही आणि आपल्या आजीला चिनी शिकावी लागली नाही. संगणकांच्या बाबतीतही तोडगा निघाला तो असाच. सर्व यंत्रे एकाच जातीची करण्याचा हट्ट सोडून, मागण्याची आणि देण्याची एक सामाईक बोली ठरवण्यात आली. अशा बोलीच्या नियमांना प्रोटोकॉल म्हणतात.

एका खोलीतील तीन टर्मिनल

१९६६ साली अमेरिकेच्या संरक्षण खात्यातील आर्पा या संशोधन संस्थेत रॉबर्ट टेलर हे संगणक विभागाचे प्रमुख झाले. पेंटागॉनमधील त्यांच्या कचेरीला लागून तीन टर्मिनल होते. एक सांता मोनिका येथील संगणकाला जोडलेला, दुसरा बर्कलेच्या विद्यापीठाला आणि तिसरा बोस्टनजवळच्या एमआयटी या संस्थेला. तिन्हींच्या आज्ञा वेगवेगळ्या. एका ठिकाणचे काम संपवून दुसऱ्या ठिकाणच्या माणसाशी संपर्क साधायचा तर एका यंत्रासमोरून उठून दुसऱ्यासमोर बसावे लागे. एकाच ठिकाणाहून सर्वत्र का जाता येऊ नये, हा साधा प्रश्न टेलर यांना पडला आणि त्यांनी त्यासाठी पैसे मंजूर करून घेतले. पुढे त्यातूनच आर्पानेट हे जाळे उभे राहिले.

१९६९ च्या अखेरीस या जाळ्यात चार ठिकाणे जोडली गेली: लॉस एंजेलिसचे विद्यापीठ, स्टॅनफर्ड संशोधन संस्था, सांता बार्बाराचे विद्यापीठ आणि युटा विद्यापीठ. चारही ठिकाणचे संगणक निरनिराळ्या प्रकारचे होते. कोणी माहिती २४ बिटांच्या तुकड्यांत मोजी, कोणी ३२ च्या, तर कोणी ३६ च्या. आयबीएमचे यंत्र अक्षरांसाठी स्वतःची वेगळी सांकेतिक लिपी वापरी. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी लॉस एंजेलिसहून ‘लॉगिन’ हा शब्द पाठवण्यास सुरुवात झाली. त्यातील पहिली दोन अक्षरे पोहोचली आणि पलीकडचे यंत्र बंद पडले. थोड्या वेळाने ते दुरुस्त झाले आणि काम पुढे गेले.

तार जोडली, अक्षरे जाऊ लागली, तरी फाईल देण्याघेण्याचा प्रश्न शिल्लक होता.

अभय भूषण यांचे नियम

कानपूरची आयआयटी १९५९ साली स्थापन झाली. १९६३ मध्ये तेथे आयबीएम १६२० हा संगणक आला आणि भारतातील संगणकशिक्षणाची एक महत्त्वाची पायरी घातली गेली. त्या संस्थेच्या पहिल्या तुकडीत अभय भूषण नावाचे विद्यार्थी होते. १९६५ साली पदवी घेऊन ते पुढील शिक्षणासाठी अमेरिकेत एमआयटीमध्ये गेले. तेथे एकाच छपराखाली दोन भिन्न जातींचे संगणक होते, आणि त्यांच्या ऑपरेटिंग सिस्टिमही भिन्न होत्या.

१६ एप्रिल १९७१ रोजी भूषण यांनी फाईल पाठवण्याच्या नियमांचा एक मसुदा प्रसिद्ध केला. त्याला फाईल ट्रान्सफर प्रोटोकॉल, म्हणजेच एफटीपी, असे नाव मिळाले. त्यातील विचार असा: दूरच्या संगणकावरील कागद हवा असेल तर त्या संगणकाच्या साऱ्या आज्ञा शिकण्याची गरज माणसाला पडू नये. आणणे, ठेवणे, जोडणे, नाव बदलणे, पुसून टाकणे अशा मोजक्या मागण्या सर्वांनी मान्य कराव्यात. पलीकडच्या यंत्राने ती मागणी आपल्या घरच्या पद्धतीत उलथवून घ्यावी आणि उत्तर पुन्हा सामाईक बोलीत द्यावे.

हा मसुदा ज्या मालिकेत निघाला तिचे नाव ‘अभिप्रायासाठी विनंती’ असे होते. स्टीव्ह क्रॉकर या विद्यार्थ्याने एप्रिल १९६९ मध्ये ही मालिका सुरू केली. यात हुकूम नव्हता. मला असे वाटते, तुमचे मत सांगा, असा सूर होता. दुसऱ्या विद्यापीठांतील लोकांनी दोष दाखवले, सुधारणा सुचवल्या. एफटीपीचे नियम अनेकदा बदलले आणि ऑक्टोबर १९८५ मध्ये त्यांना दीर्घकाळ टिकलेले रूप मिळाले. सुरुवातीच्या काळात ई-मेलसुद्धा याच नियमांच्या पाठीवर बसून जात असे. हे नियम कोणीही वाचू शकत होता आणि कोणीही त्यांवर यंत्र चालवू शकत होता. त्यांचा झपाट्याने प्रसार होण्याचे मोठे कारण हेच आहे.

आज मात्र एफटीपी सामान्य माणसाने वापरू नये. त्यात पासवर्ड उघड्यावर जातो. म्हणून २०२१ साली क्रोम आणि फायरफॉक्स या दोन्ही ब्राउझरांनी ते काढून टाकले, आणि त्याची जागा सुरक्षित पद्धतींनी घेतली आहे.

नक्कल निराळी, मूळ वही निराळी

एफटीपीने फाईलची नक्कल मिळते. ज्यांच्या घरी दुकानाच्या उधारीची वही होती त्यांना नकलेतील धोका चटकन कळेल. एक हिशोब दुकानदाराच्या वहीत आणि दुसरा आपल्या वहीत लिहिला, आणि एखाद्या दिवशी एका ठिकाणी लिहायचे राहिले, की महिनाअखेर दोन्ही वह्या भांडू लागतात. फाईलचेही तसेच आहे. वंशावळीची नक्कल काकांनी घेतली, आत्यानेही घेतली, आणि दोघांनी आपापल्या नकलेत नवी नावे भरली, तर खरी वंशावळ कोणती?

त्यासाठी मूळ वही एका जागी ठेवून सर्वांनी तीच उघडावी, अशी सोय हवी होती. कॅलिफोर्नियात फेब्रुवारी १९८२ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्स ही कंपनी निघाली. तिच्या चार संस्थापकांपैकी एक, विनोद खोसला, दिल्लीच्या आयआयटीचे पदवीधर. १९८४ साली या कंपनीने एनएफएस नावाची पद्धत काढली. तिच्यामुळे दूरच्या यंत्रावरील कपाट आपल्याच यंत्रात असल्यासारखे दिसू लागले. फाईल आणावी लागत नाही. ती जागच्या जागी उघडते, वाचता येते आणि बदलताही येते.

यात एक गमतीची अडचण होती. मोठी संख्या साठवताना काही यंत्रे मोठा भाग आधी ठेवतात, तर काही यंत्रे लहान भाग आधी. आपण मराठीत ‘पंचवीस’ म्हणतो तेव्हा पाच आधी येतात आणि वीस मागून. फ्रेंचमध्ये आणि क्रेओलमध्ये वीस आधी, पाच मागून. दोन्ही बरोबर, पण एकाचे दुसऱ्याने जसेच्या तसे उतरवून घेतले तर हिशोब चुकणार. सनच्या अभियंत्यांनी नियम घातला की वाटेवर संख्या एकाच ठरावीक क्रमाने जाईल आणि प्रत्येक यंत्र ती घरी आल्यावर आपल्या क्रमाने लावून घेईल.

सनने हे नियम स्वतःच्या तिजोरीत ठेवले नाहीत. प्रतिस्पर्धी कंपन्यांनाही ते वापरू दिले, आणि मार्च १९८९ मध्ये ते त्याच खुल्या मालिकेत छापले. स्पर्धक कंपन्यांचे अभियंते आपापली यंत्रे घेऊन एकत्र जमत आणि एकमेकांशी जोडून तपासत. पुढे २०१० साली ओरॅकल कंपनीने सन विकत घेतली, पण एनएफएस मोठ्या संगणककेंद्रांत आजही चालते आहे.

कॅफेत बसून शिकलेली भाषा

घराघरांत आणि कचेऱ्यांत पोहोचली ती मात्र दुसरी पद्धत. १९८० च्या दशकाच्या आरंभी आयबीएममधील बॅरी फायगनबॉम यांनी लहान संगणकांसाठी एसएमबी नावाचे नियम तयार केले. मायक्रोसॉफ्टने ते पुढे वाढवले आणि विंडोजबरोबर ते जगभर गेले. पण विंडोज प्रत्यक्षात काय बोलते याची पूर्ण माहिती बाहेरच्यांना मिळत नसे. ज्यांच्याकडे युनिक्स किंवा लिनक्स होते ते दाराबाहेर राहिले.

हे दार उघडले ऑस्ट्रेलियातील एका विद्यार्थ्याने. कॅनबेरा येथे पीएचडी करणारे अँड्र्यू ट्रिजेल यांना आपल्या डॉसच्या संगणकावरून युनिक्स यंत्रावरील फायली हव्या होत्या. डिसेंबर १९९१ च्या सुट्टीत त्यांनी दोन यंत्रांमधील तारेवरून काय जाते हे टिपणारी आज्ञावली लिहिली, आणि त्यावरून नियम ओळखले. आपली पद्धत समजावताना ते फ्रेंच कॅफेचे उदाहरण देत. फ्रेंच येत नसलेला माणूस कॅफेत बसतो. शेजारच्या टेबलावर कोणी काय शब्द उच्चारला आणि वाढप्याने त्याला काय आणून दिले, हे तो लक्षपूर्वक पाहतो. मग तोच शब्द आपण उच्चारून पाहतो. असे करत करत तो भाषा शिकतो. आपल्या बेटावर नव्याने उतरलेल्या पूर्वजांनी क्रेओल याहून फार वेगळ्या रीतीने शिकली असेल असे वाटत नाही.

या कामाला पुढे सांबा हे नाव पडले. एस, एम आणि बी ही तीन अक्षरे याच क्रमाने येणारा शब्द शब्दकोशात शोधताना ते सापडले. ट्रिजेल यांनी सांबा सर्वांना मोफत आणि खुले ठेवले. कॅलिफोर्नियातील जेरेमी ॲलिसन आणि इतर देशांतील अनेकांनी त्यात भर घातली. घरातील फायली एका जागी साठवण्यासाठी ज्या छोट्या पेट्या बाजारात मिळतात, त्यांतील पुष्कळांच्या पोटात लिनक्स आणि सांबाच असतो.

प्रश्न न्यायालयात जातो

ऐकून शिकलेल्या भाषेत काही शब्द नेहमी निसटतात. शिवाय समोरच्याने मध्येच शब्द बदलले तर शिकणाऱ्याची पंचाईत होते. म्हणून नियम उघड करावेत अशी मागणी वाढली. अमेरिकेच्या न्याय खात्याने आणि अनेक राज्यांनी मे १९९८ मध्ये मायक्रोसॉफ्टवर मक्तेदारीचा खटला भरला. २००२ साली त्याचा निकाल लागला आणि विंडोज ज्या नियमांनी सर्व्हरशी बोलते ते इतरांना परवान्याने द्यावेत असे ठरले. पण परवान्याला पैसे आणि अटी होत्या. मोफत वाटल्या जाणाऱ्या सांबाला त्या परवडणाऱ्या नव्हत्या.

दुसरी लढाई युरोपात झाली. सन कंपनीने १९९८ साली तेथे तक्रार केली होती. मार्च २००४ मध्ये युरोपीय आयोगाने मायक्रोसॉफ्टला सुमारे ४९ कोटी ७० लाख युरो दंड केला आणि नियमांची माहिती देण्याचा आदेश दिला. सप्टेंबर २००७ मध्ये न्यायालयाने हा निर्णय कायम ठेवला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये १०,००० युरो एकदाच भरून सांबाच्या लोकांना कागदपत्रे मिळाली. फेब्रुवारी २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टने नियमांची हजारो पाने सर्वांसाठी खुली केली. २०१३ साली ॲपलने मॅकवर फायली वाटून घेण्यासाठी एसएमबीचीच नवी आवृत्ती मुख्य पद्धत म्हणून स्वीकारली. एके काळचे प्रतिस्पर्धी आज एकच बोली बोलतात, आणि त्याचा फायदा आपल्या घरातील पोरांना मिळतो.

फाईल आली, पण अक्षरे?

आपल्यासारख्या मराठी कुटुंबांना एक अडचण वेगळी आहे. फाईल सुखरूप पोहोचते, उघडतेही, आणि पडद्यावर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसतो. मराठी शिकवणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. कारण असे की, जुन्या मराठी फाँटांत इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवलेले असत. तो फाँट ज्या यंत्रात नाही तेथे मूळची इंग्रजी अक्षरे उघडी पडतात.

यावरही तोडगा सामाईक नियमांचाच आहे. जानेवारी १९९१ मध्ये कॅलिफोर्नियात युनिकोड संघटनेची नोंदणी झाली. जगातील प्रत्येक लिपीतील प्रत्येक अक्षराला एक कायमचा क्रमांक द्यावा, हा तिचा उद्देश. देवनागरीला १२८ जागांचा विभाग मिळाला. त्याची मांडणी भारतात १९८८ साली ठरवलेल्या इस्की या संकेतावरून केली होती. आपण ‘ॲपल’ लिहिताना जे ‘ॲ’ वापरतो त्याला स्वतंत्र क्रमांक मिळण्यास २००८ साल उजाडावे लागले. युनिकोडमध्ये लिहिलेला मजकूर पुण्यात, न्यू जर्सीत आणि मॉरिशसमध्ये सारखाच वाचता येतो, यंत्र कोणत्याही जातीचे असो.

आपल्या घरी काय करावे

विंडोजवर एखाद्या फोल्डरच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘शेअरिंग’ असते, आणि मॅकच्या सेटिंगमध्ये ‘फाईल शेअरिंग’. तेथून एक फोल्डर घरातील इतर यंत्रांना खुला करता येतो. मॅकवरून दुसऱ्याचे फोल्डर उघडण्यासाठी फाईंडरच्या ‘गो’ या यादीत ‘कनेक्ट टू सर्व्हर’ आहे. आयफोनच्या ‘फाईल्स’मध्ये ही सोय २०१९ पासून आहे, आणि अँड्रॉईडसाठी तशी ॲप मिळतात. सर्व यंत्रे घरच्या एकाच वायफायवर असावीत.

काही पथ्ये पाळावीत. संपूर्ण यंत्र खुले करू नये. सामाईक असा एकच फोल्डर ठेवावा आणि त्याला पासवर्ड द्यावा. एसएमबीची अगदी जुनी पहिली आवृत्ती कोठे चालू असेल तर बंद करावी. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या उपद्रवी आज्ञावलीने तिच्यातील दोषाचा फायदा घेऊन जगभरच्या संगणकांतील फायली ओलीस धरल्या. इंग्लंडच्या इस्पितळांचेही त्यात हाल झाले. फाईलच्या नावात प्रश्नचिन्ह, तारका, विसर्गासारखे दोन ठिपके किंवा तिरकी रेघ घालू नये, कारण विंडोजला ती चालत नाहीत. लहान आणि मोठ्या इंग्रजी अक्षरांच्या फरकावर दोन फायलींची नावे ठेवू नयेत. लिनक्स त्या वेगळ्या मानते, विंडोज मानत नाही.

पेनड्राईव्हने नेआण करायची असल्यास तो एक्सफॅट या पद्धतीने तयार करून घ्यावा. विंडोज आणि मॅक दोन्ही त्यावर वाचू आणि लिहू शकतात. जुन्या फॅट-३२ मध्ये ४ गिगाबाइटांपेक्षा मोठी फाईल मावत नाही, त्यामुळे लग्नाची लांबलचक चित्रफीत अडकते.

आणि मंडळाचे इतिवृत्त, नाटकाच्या संहिता, भजनांच्या वह्या, वंशावळी असे जे काही जुन्या फाँटांत टंकलेले आहे, ते युनिकोडमध्ये उतरवून घेण्याचे काम कुटुंबातील तरुणांनी हाती घ्यावे. ज्या यंत्रात ते आहे ते यंत्र म्हातारे होत चालले आहे. ज्याने ते टंकले त्यालाच तो फाँट कोठे मिळतो हे ठाऊक असते, आणि तो माणूसही कायम आपल्यात असणार नाही. येत्या शाळेच्या सुट्टीत दोन-तीन दुपारी दिल्या तरी एका घराचे काम होण्यासारखे आहे. उतरवलेला मजकूर मोठ्याने वाचून घरातील वडीलधाऱ्यांकडून तपासून घ्यावा, म्हणजे नावांतील चुकाही त्याच वेळी दुरुस्त होतील.